चोरखिशाचे दोन टाके

माझ्या दुकानात आरशाशेजारी एक पाटी होती: ‘परदेशी जाणाऱ्यांसाठी खात्रीचा चोरखिसा शिवून मिळेल.’ ‘खात्रीचा’ हा शब्द मी रंगाऱ्याकडून मुद्दाम लाल रंगात काढून घेतला होता. सहा वर्षं मिरवली ती पाटी. परवा उतरवली. का उतरवली ते सांगायचं तर लाज बाजूला ठेवावी लागेल, पण सांगतो.

माझी मोठी बहीण, ताई, हॉस्पिटलात आया होती. तेहतीस वर्षं. लग्न केलं नाही. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं आणि माझ्या हातात कात्रीही तिनेच दिली. ती रिटायर झाली तेव्हा बरोबरच्या बायकांनी आठ दिवसांची परदेशाची सहल ठरवली. ताईने माहितीपत्रकातलं एक पान फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बर्फाचा डोंगर आणि तारेवरून वर जाणारा काचेचा पाळणा. “बारक्या, यात बसायचं,” ती म्हणाली, “बाकी काही नाही बघितलं तरी चालेल.” मी पन्नाशीला आलो तरी तिच्यासाठी बारक्याच. तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला तरी दुसरं आठवत नाही.

निघण्याआधी सहलवाल्यांनी सगळ्यांना बोलावून पैशांबद्दल समजावलं. मीही सोबत गेलो होतो. तिथला माणूस सांगत होता, “जेवणखाण आमच्याकडे. पाळण्याचं, बोटीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. पण सगळे पैसे एका जागी ठेवू नका. थोडे कार्डात भरा, रोजचे पर्समध्ये ठेवा, राखीव वेगळे.”

“म्हणजे तीन ठिकाणी चोरांची सोय,” मी मागून म्हणालो. बायका हसल्या. मला चेव आला.

माझ्या या शहाणपणाला कारण होतं. तरुणपणी पहिल्या पगाराच्या दिवशीच बसमध्ये माझा खिसा कापला गेला. टेलरचाच खिसा कापला म्हणून लोक कितीतरी दिवस फिदीफिदी हसत होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर नुसतं फुंकत बसलो, आणि दुसऱ्यांनाही पिऊ दिलं नाही.

ताईसाठी मी आतून घालायची एक बंडी शिवली. डाव्या काखेखाली चोरखिसा. त्याला चेन नाही, बटण नाही. सगळ्या नोटा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घातल्या आणि तोंड शिवूनच टाकलं. नायलॉनचा दोरा, टाके इतके बारीक की भिंग लावून बघावं. पर्समध्ये ठेवली फक्त पाण्याच्या बाटलीपुरती चिल्लर.

“अरे, मग पैसे काढू कसे?” ताईने विचारलं.

“खरंच अडलंनडलं तरच उसवायचं. एकदा उसवलंस की उरलेले पैसे उघड्यावर पडले म्हणून समज. शब्द दे.”

तिने शब्द दिला. विमानात कात्री चालत नाही म्हणून तिच्या सामानातली छोटी कात्रीही मीच काढून ठेवली.

आठ दिवसांनी ताई परत आली. मी तिला घरीसुद्धा जाऊ दिलं नाही, थेट दुकानात आणलं. गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर बंडी टेबलावर पसरली. बघतो तर खिशाच्या कोपऱ्यावरचे दोन टाके उसवलेले! तिसरा मात्र जागच्या जागी. “बघा!” मी ओरडलोच. “कुणीतरी हात घातलाच होता. पण चोराला तिसरा टाका काही उसवला नाही!” कात्री चालवली आणि सगळ्या नोटा जशाच्या तशा बाहेर काढल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई बाकावर बसून हसत होती.

“पाळणा कसा होता?” मी विचारलं. विचारलं म्हणजे नोटा सरळ करता करता.

“छान होता हो,” ती म्हणाली.

चार दिवसांनी त्या नोटा बदलून आणल्या आणि तिने ते पैसे माझ्याच हातावर ठेवले. “तिकडे खर्च झाले असते तर गेलेच असते की. तू मोटारवालं मशीन घे.” मी घेतलं. नाही म्हणायचं सुचलंसुद्धा नाही. त्याच आठवड्यात पाटी रंगवली, आणि तिसऱ्या टाक्याची गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायला लागलो.

परवा ताईच्या हॉस्पिटलातल्या जुन्या मेट्रनबाई दुकानात आल्या. त्या सहलीत त्याही होत्या. आता मुलीकडे परदेशी निघाल्यात, त्यांना चोरखिसा हवा होता. मी माप घेता घेता सवयीने चोराची गोष्ट सुरू केली. बाईंनी चष्मा काढला.

“चोर कुठला हो? ते टाके तुमच्या ताईने उसवले. माझ्या केसातल्या आकड्याने.”

माझ्या हातातली टेप तशीच राहिली.

“पाळण्याच्या स्टेशनात बाथरूममध्ये गेली ती. मी दाराबाहेर उभी. बराच वेळ झाला. बाहेर आली तर बोटं लाल झालेली. म्हणाली, दोन निघाले, पण पुढे हात होईना. भावाने एवढं राखायला सांगितलंय, आणि पाळण्यात बसणं ही काही अडचण नव्हे. मी म्हटलं, मी काढते तुझं तिकीट. तर म्हणे, नको, मला उंचावर चक्कर येते. कुणाकडे हात पसरायची सवयच नव्हती तिला. खाली बाकावर बसली. मग काय, आम्ही आमच्या पर्सही तिच्याकडेच ठेवल्या. दोन तास आमच्या सगळ्यांचे पैसे सांभाळत बसली होती.”

मेट्रनबाई माप देऊन गेल्या. मी त्यांचा खिसा शिवायला घेतला, पण त्या मशीनवर माझा पाय पडेना. तेहतीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांची राखण केलेल्या बाईला मी सहलीलाही राखण करायला पाठवलं होतं. जे चोराला जमलं नसतं ते मी केलं. शटर ओढलं आणि तिच्या घरी गेलो.

ताई खिडकीपाशी बसली होती. काचबिंदूने गेल्या दोन वर्षांत तिची नजर पार गेली आहे. माझ्या चपलांच्या आवाजावरून तिने ओळखलं. “बारक्या, भर दुपारी दुकान बंद?”

“वर का नाही गेलीस, ताई?”

कशाबद्दल विचारतोय ते तिला लगेच कळलं.

“अरे, तुझी शिवण इतकी सुरेख होती. उसवायला जिवावर आलं.”

“आणि मी चोर चोर करत गावभर फिरलो. एकदा सांगायचंस तरी!”

“काय सांगायचं? किती खूश होतास तू.”

माझा बांध फुटला. तिच्या पायांशी बसलो आणि म्हटलं, “पुन्हा जाऊ. आपण दोघं जाऊ. मशीन विकतो मी.”

तिने चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आता जाऊन मला काय दिसणार रे?”

कपाटाचं दार उघडंच होतं. आतलं ते पान पिवळं पडलं होतं, पाळण्यावरचा रंग उडाला होता. ते मलाच दिसत होतं. मी नाक ओढत बसून राहिलो, आणि ताई नेहमीसारखी माझी समजूत काढायला लागली.

“बरं, ऊठ आता. मेट्रनबाईंचं काम अडवू नकोस,” ती म्हणाली. “आणि त्यांच्या खिशाला चेन लाव.”