दोन मीटरनं कोण बुडतं?

साहेब, तलाव आखूड केलात तुम्ही, आणि खोटेपणा बांधलात माझ्या गळ्यात. आज मुलांसमोर सगळं सांगते. हिंमत असेल तर ऐका.

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. पोहण्याच्या तलावात दोन लेनच्या मधोमध पाण्यावर ताणलेली असते ना, तीच. माझ्या पोटात तार आहे आणि तारेत निळे-पांढरे प्लास्टिकचे गोळे ओवले आहेत. कारखान्यात मला मोजूनमापून पंचवीस मीटरची केली. तेव्हा माझा काय रुबाब होता! नवशिके मला घट्ट धरून धापा टाकायचे आणि पोहायला शिकवणारे सर काठावरून ओरडायचे, "सोड ती दोरी! आई आहे का तुझी?" खरं सांगते, मला ते आवडायचं.

मग तलावाची एक भिंत गळू लागली. ती खणून दुरुस्त करायची तर तलाव बंद ठेवावा लागला असता. तलाव चालवणाऱ्या साहेबांनी शक्कल लढवली. जुन्या भिंतीच्या पुढ्यातच नवी भिंत उठवली. तलाव दोन मीटरनं आखूड झाला. मी सैल पडले, म्हणून माझी तार कापली, थोडे गोळे काढले आणि कोठीत फेकून दिले.

सर म्हणाले, "साहेब, दारावरच्या पाटीवर अजून पंचवीस मीटर लिहिलंय."

"राहू द्या हो. दोन मीटरनं कोण बुडतं?"

साहेब हसले. सरही हसले. पाटी तशीच राहिली.

पुढं एक नर्स पोहायला येऊ लागली. चाळिशी उलटलेली, दिवसभर पेशंट उचलून खांदे भरून आलेले, तरी ड्यूटी संपली की थेट पाण्यात. सोबत तिची नणंद. ती पाण्याला भ्यायची, म्हणून काठावर घड्याळ घेऊन बसायची. नर्सनं ट्रायथलॉनमध्ये नाव दिलं होतं. आधी तळ्यात दीड किलोमीटर पोहायचं, मग सायकल, मग धावणं. पंचेचाळीस मिनिटांत पाण्याबाहेर आलं नाही तर सायकलला हात लावू देत नाहीत.

एके दिवशी ती जीव तोडून साठ फेऱ्या, म्हणजे पाटीच्या हिशेबानं दीड किलोमीटर, पोहली.

"एकोणचाळीस मिनिटं! वहिनी, तू माणूस आहेस की मासा?"

"परत बघ. तुझ्या घड्याळाचा भरवसा नाही."

"घड्याळ ठीक आहे गं. तूच सुधारलीस."

मग दोघी पाय पाण्यात सोडून बसल्या आणि शर्यतीच्या वेळा ठरवू लागल्या. "एवढी मिनिटं हातात असताना कशाला ऊर फुटेपर्यंत पोहू?" नर्स म्हणाली. "त्रेचाळीस धरते. उरलेला दम सायकलला."

"दादाला सांगते, बायको हाताबाहेर गेली तुझी!"

दोघी हसत होत्या. माझ्या अंगाखालचं पाणी मात्र मला बोचत होतं. साठ फेऱ्यांचा दीड किलोमीटर होतच नव्हता, एकशेवीस मीटर कमी भरत होता; तिच्या त्रेचाळीस मिनिटांची तळ्यात जवळजवळ सत्तेचाळीस होणार होती. पण दोरीला तोंड कुठलं? त्या दिवसापासून ती हात आवरून, ठरल्या वेगानंच सराव करू लागली. रोज माझ्या शेजारून जायची, आणि मी गप्प.

शर्यतीनंतर ती एकदाच आली. पाण्यात उतरलीच नाही.

"काठ दिसत होता गं," ती नणंदेला म्हणाली. "तेवढ्यात होडीत ओढून घेतलं. वेळ संपली म्हणाले."

"अगं, पण तू तर ठरल्यासारखीच पोहत होतीस."

"वाटत होतं तसं. अंगात दमच नाही माझ्या. वय झालं. सायकल विकून टाकू."

नणंदेनं वहिनीचा हात धरला.

मित्रांनो, दम होता तिच्यात! सगळा जोर लावला असता तर ती वेळेत बाहेर आली असती. तो जोर राखून ठेवायला लावला त्या पाटीनं. आणि ती बिचारी स्वतःच्या खांद्यांना दोष देत निघून गेली.

दोरीला लोंबकळू नका, तिचे गोळे तोडू नका, हे तर मी सांगतेच. पण त्याहून माप जपा. त्याच्यावर विसंबून कुणीतरी आपली ताकद जोखत असतं. माप चुकलेलं दिसलं तर तेव्हाच तोंड उघडा. तुम्हाला तोंड आहे.

आणि साहेब, पाटी बदलायला तुम्हाला कधी सवड होईल ते होईल. आधी हे सांगा, तिच्या घरी जाऊन, "बाई, तुम्ही कमी पडला नाहीत, कमी आमचा तलाव होता," हे कोण सांगणार? तुम्ही, की सर? सायकल विकली जायच्या आत उत्तर हवंय मला.