मिसरीची बैठक

पुष्पाबाईच्या तोंडात मिसरी असताना तिला हाक मारायची कुणाची बिशाद नव्हती. नवऱ्याची नाही, मुलाची नाही, आणि जिवंत होती तोवर सासू धुरपदाबाईचीही नाही. हा कायदा कुणी केला कोण जाणे, पण नरडाण्याच्या अलीकडच्या त्या गावात तो सगळ्यांना पाठ होता. बाई ओट्यावर बसलीय, बोट दातांवरून फिरतंय, मग तिला काम सांगायचं नाही. दारात पाहुणा उभा असो, म्हैस हंबरत असो, नाहीतर गॅसवरचं दूध उतू जावो. कुणी चुकून हाक मारलीच तर पुष्पाबाई मोकळ्या हाताने नुसती तोंडाकडे खूण करायची. संपला विषय.

आणि मिसरीही अशी तशी नव्हे हो. मांडे करायचं मोठं खापर एका अक्षय्य तृतीयेला फुटलं होतं, त्याचा एक चांगला रुंद तुकडा तिने ठेवून दिला होता. त्यावर ती तंबाखू भाजायची, मंद जाळावर, काळी कुळकुळीत होईपर्यंत. वास सुटला की शेजारची झुंबरबाई पदराआड डबी घेऊन हजर. मागोमाग आणखी दोघीतिघी. ओट्यावर रांगेने बसायच्या आणि कुणीच काही बोलायचं नाही, कारण तोंडं भरलेली. गावात येणाऱ्या आरोग्याच्या ताईंनी दर वेळी सांगावं, मावशी, हे विष आहे, दात जातील, आणखी काय काय होईल. पुष्पाबाई मान डोलवायची आणि ताईंची पाठ वळली की थुंकून पुन्हा चिमूट घ्यायची. दात तर गेलेच होते चार-पाच. उरलेल्यांवर तिचा भरवसा होता.

सून सारिका धुळ्याची, देवपूरमधली. बी. ए. झालेली, बोलायला गोड, कामाला वाघीण. नवरा प्रेमराज नरडाण्याच्या एमआयडीसीत कंपनीत, त्याची पहिली पाळी असली की अंधारात उठून डबा करायचा. मग पाणी, मग झाडलोट, म्हशीचं शेण, सासऱ्याचा चहा, पुन्हा सासऱ्याचा चहा. आणि ही सगळी कामं ओळीने कोण सांगायचं? ओट्यावरून उठल्या उठल्या पुष्पाबाईच. सासू म्हणून तिला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. तिने नव्हतं का केलं? केलं होतं की.

त्या हिवाळ्यात तिची डबी लवकर रिकामी व्हायला लागली. तिचा संशय सरळ झुंबरबाईवर. मनातल्या मनात तिने झुंबरबाईला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. डबीची जागासुद्धा बदलून पाहिली, तरी मिसरी कमीच.

एका सकाळी ती तोंडात मिसरी धरून परसात गेली, तर गोठ्याच्या भिंतीआड सारिका उकिडवी बसलेली. बोट तोंडात. डोळ्यांतून पाणी चाललंय, मळमळतंय, तरी बाई दात घासतेच आहे.

पुष्पाबाईचं टाळकं फिरलं. तिने हात उगारला. शिवी ओठांवर आली, पण बाहेर पडेना, तोंड भरलेलं. सारिका घाबरून उभी राहिली. तिने बोट लपवायचा प्रयत्न केला, ते काळं बोट काय लपतं?

"आई, मारा हवं तर," ती म्हणाली. "मला नाही आवडत हे. उलटी येते. पण तोंडात मिसरी असली म्हणजे मला कुणी उठवणार नाही. म्हटलं, सवय करून घ्यावी."

पुष्पाबाईने डोळ्यांनीच विचारलं, म्हणजे गं?

"म्हणजे मी कधी बसू, आई? तुम्हीच सांगा ना. या घरात बाईने बसायचं असेल तर दुसरं कारण आहे का काही?"

पुष्पाबाई पचकन थुंकली. आता तोंड मोकळं होतं, पण शिवी देण्याऐवजी तिने उगारलेला हात खाली घेतला. तिला आठवली ती स्वतः, लग्न होऊन नुकतीच या घरात आलेली, वावरातून येऊन चुलीपुढे, चुलीपुढून पुन्हा वावरात. पाय इतके दुखायचे की रात्री रडू यायचं. तेव्हा धुरपदाबाईने तिच्या तळहातावर पहिली चिमूट ठेवली होती आणि म्हणाली होती, "लाव. तेवढाच इसावा." सासूने माया केली, असंच पुष्पाबाई जन्मभर समजत आली. माया होतीच ती. पण काय माया म्हणायची ही! बसायला दोन घटका मिळाव्यात म्हणून सुनेच्या तोंडात विष ठेवायचं, आणि सुनेनेही ते अमृत म्हणून घ्यायचं. अन् आता ही पोर गोठ्याआड ओकत ओकत तेच शिकते आहे. तिच्याच डबीतून.

"फेक ते," ती म्हणाली. "तोंड धू. आजपासून या घरमा मिसरी बंद. तू बी नही, मी बी नही."

सारिकाला रडता रडता हसू फुटलं. "तुम्ही? तुम्ही सोडणार?"

झालं. ते हसू पुष्पाबाईला असं झोंबलं म्हणता! ती तडक घरात गेली, डबी उकिरड्यावर उपडी केली आणि खापराचा तुकडा पाणी घालून कोंबड्यांपुढे ठेवला. एका कोंबडीने चोच बुडवली, मान झटकली आणि तिथून पळ काढला. मग तुकडा राखेने दोनदा घासला, तेव्हा कुठे कोंबड्या पाणी पिऊ लागल्या.

सोडते म्हणणं सोपं असतं हो. दुसऱ्या सकाळपासून डोकं ठणकायला लागलं. पोट साफ होईना. हात आपोआप कनवटीला जायचा, डबी नसायची. मग कुणी समोर येईल त्याच्यावर ती कडाडायची. दूधवाल्याशी भांडली, टीव्हीतल्या बायांशी भांडली, केर काढताना केरसुणीशी भांडली. प्रेमराज पाळी नसतानाही कंपनीत जायला निघायचा.

झुंबरबाई तर रोज ओट्यासमोरून डबी वाजवत जायची. "काय व अक्का, संत झाली का आते? माळ घालसी का काय?"

"तुनी डबी तुना गयामा बांध," पुष्पाबाई ओरडायची. "आठे वाजाडू नको!"

शेवटी अभिमनआबाच कंटाळले. पुष्पाबाईचे मालक म्हणजे तसे गरीब स्वभावाचे, ओट्याच्या आतल्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचणारे. त्यांनी नरडाण्याच्या बाजारातून तंबाखूचा पुडा आणला आणि आपल्या हाताने तिच्यापुढे ठेवला.

"घे व बाई. भाज, लाव, पण घरमा शांतता ऱ्हाऊ दे. या वयमा कोन सोडस?"

नवऱ्याने आयुष्यात आपणहून तिच्यासाठी काही आणलं असेल तर ते हे. साडी नाही, चप्पल नाही, दवाखान्यात न्यायला गाडी नाही. तंबाखू! तिला हसावं की रडावं कळेना. तिने पुडा उचलला, बादलीत पालथा केला, भिजवला आणि परसातल्या वांग्यांवर ते पाणी शिंपडलं. पानांवरचे किडे गळून पडले. ती कमरेवर हात ठेवून ते मेलेले किडे बघत उभी राहिली. मग तिने आबांना हाताला धरून परसात आणलं आणि दाखवलं. आबांनी किडे पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पेपर वाचायला गेले.

पण तिला हरवलं ते डोकेदुखीने नाही. ती हळूहळू उतरली. हरवलं ते ओट्याने.

मिसरी नाही तरी बसायला काय हरकत, म्हणून ती सकाळी ओट्यावर जाऊन बसायची. तोंड रिकामं, हात रिकामे. बसून जरा पाय पसरते न पसरते तोच आतून आबांचा आवाज, "रिकामी बसेल शे का? जरा चहा टाक." ती उठायची. पुन्हा बसायची, तर "मना चष्मा कोठे शे?" पुन्हा उठायची. ओटा तोच, दारचा कडुलिंब तोच, ऊनही तेच. फक्त तोंडात मिसरी नव्हती, म्हणून ती आता रिकामी होती. आणि रिकाम्या बाईला काम सांगायचं नाही तर काय करायचं? आबांचंही काही फार चुकत होतं असं नाही. त्यांना कायदा पाठ होता तेवढाच.

सारिका तर बसायचा विचारही करत नव्हती. ती सासूकडे बघायची आणि बघून पुढच्या कामाला लागायची. त्या बघण्यात राग नव्हता. म्हातारी कधी हरते याची ती वाट बघत होती, आणि म्हातारी हरली की आपलं काय होणार हेही तिला माहीत होतं.

एका सकाळी आबांनी तिला इतक्यांदा उठवलं की पुष्पाबाईचा जीव कातावला. ती तरातरा झुंबरबाईच्या ओट्यावर गेली. "आण व डबी."

झुंबरबाईचं तोंड भरलेलं. तिने डबी पुढे केली. पुष्पाबाईने झाकण उघडलं. तो वास! तोंडाला पाणी सुटलं, गुडघ्यांतली कळसुद्धा थांबल्यासारखी वाटली. आता एक चिमूट, की झालं. मग आबा बोलावोत नाहीतर सरकार बोलावो. तिने बोट बुडवलं.

समोर, आपल्या घराच्या दारात, सारिका शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. नुसती त्या बोटाकडे बघत होती, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं.

पुष्पाबाईला कळलं. आपण हे बोट तोंडात घातलं की उद्या ही पोर गोठ्याआड नाही, इथे ओट्यावर बसेल. आपल्या शेजारी. राजरोस. आणि तिला उलटीही येणार नाही.

तिने बोट पदराला पुसलं. काळा डाग पडला, पडू दे. डबी झुंबरबाईच्या मांडीवर ठेवली, घरी आली आणि ओट्यावर बसली. नीट मांडी घालून बसली.

"पाटी ठेव," ती सारिकाला म्हणाली. "हात धू अन् आठे बस."

"आई, शेण..."

"शेण पळी नही जास. बस म्हनस ना मी!"

सारिका बसली. ओट्याच्या कडेला, निम्मी हवेत, कोणत्याही क्षणी उठायच्या बेताने. समोरच्या ओट्यांवर बायका तोंडात बोटं घालून बघत होत्या. आतून हाक आलीच.

"प्रेमराजनी माय, चहा!"

सारिका उठायला लागली. पुष्पाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतकी वर्षं ही हाक आली की तिने तोंडाकडे खूण केली होती. आज खूण करायला काही नव्हतं. तोंड मोकळं होतं. मग तिने ते वापरलं.

"आयकू उनं!" तिचा आवाज गावच्या पारापर्यंत गेला असेल. "मी बसेल शे!"

आत पेपर खुळखुळला. आबा उंबऱ्यात आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. सारिकाने चटकन पदर सावरला. आबांना खरंच काही समजत नव्हतं.

"तोंडमा मिसरी शे का?"

"नही." पुष्पाबाईने आ करून दाखवलं. "दखा."

"मंग काय करी ऱ्हायन्यात दोन्ही?"

"बशी ऱ्हायनूत."

"तशीच? रिकाम्या?"

"हां, रिकाम्या! बाईले बसाले मिसरी कसाले लागस हो? तुम्ही बसतस तव्हय तोंडमा काय ऱ्हास? पेपर?"

समोर झुंबरबाईला ठसका लागला. तोंडातली मिसरी हसण्यात बाहेर उडाली, ती खोकत खोकत ओट्याखाली थुंकली, तिने चूळ भरली, आणि बराच वेळ डबीकडे बघत बसली. पुन्हा चिमूट घेतली की नाही, ते पुष्पाबाईने पाहिलं नाही. तिला तिकडे बघायला सवड नव्हती. ती बसलेली होती.

आबा वळले आणि आत गेले. मग गॅसचा लायटर तीन-चारदा वाजला. भांडं पडलं. फडताळाची दारं एकेक करून उघडली नि आपटली. लिंबाच्या फांदीतून ऊन आता दोघींच्या पायांवर आलं होतं. सारिकाच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, पुष्पाबाईला त्या आज पहिल्यांदा दिसल्या.

"व्हॅसलीन लाव त्याले," ती म्हणाली. "अन् पाय पसर. ओटा तुना बी शे."

सारिकाने बिचकत बिचकत पाय पसरले.

"साखर कोठे शे?" आबा आतून ओरडले.

सारिका सवयीने ताडकन उठली. पुष्पाबाईने तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं, आणि मग मागे वळूनही न बघता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"दखा! घर तुमनं बी शे!"