सुका भोपळा

ऑस्ट्रेलियात नोकरीला असलेला महिपती सुट्टीवर सोलापुरात आला, तो धास्ती घेऊनच. तिथल्या साहेबानं त्याला समुद्रात चल म्हणून भरीला घातलं होतं. आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि पाठीला हवेची टाकी बांधून खोल बुड्या मारायच्या. एक बोट रंगीत माशांकडं जाणारी, दुसरी शार्क माशांकडं. कुठली हवी, ते महिपतीनं तारेनं कळवायचं होतं. घोड्याएवढ्या माणसानं भितो म्हणून कसं सांगायचं? आई जाऊ देणार नाही, या एका भरवशावर तो घरी आला होता.

म्हणून त्यानं आईला, गोजरबाईला, तिखटमीठ लावून सांगितलं, की शार्कचे दात करवतीसारखे असतात आणि माणूस त्याला एका घासालाही पुरत नाही. म्हातारी पांढरीफटक पडली. पण ‘नको’ म्हणायचं सोडून तिनं देवीला कौल लावला. उजवं फूल शार्कचं, डावं रंगीत माशांचं. ‘जाऊ नको’ म्हणायला फूलच ठेवलं नाही!

उजवं पडलं.

महिपतीच्या तोंडचं पाणी पळालं. गोजरबाई माळ्यावर चढली आणि सुका भोपळा घेऊन उतरली. मंद्रूपच्या विहिरीत हाच पाठीला बांधून महिपती लहानपणी पोहायला शिकला होता.

“ह्यो बांध. कुटंबी बुडायचा न्हाईस.”

भोपळा बांधला तर खाली जाताच येत नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि भोपळा बांधून घ्यायला तिच्याकडं पाठ केली.