मुखरूचा धुराचा डबा

धूर गाडीखाली कुठेतरी दिसेल असं मुखरूला वाटलं होतं. पण धूर निघाला गाडीच्या आत, मागच्या सीटखालून. आधी बारीक रेघ, मग रबरी चटईच्या कडेने चांगला जाड लोट. मुखरूचा पाय पंपावर तसाच थांबला.

अहेरीच्या नाक्यावर त्याचं गॅरेज होतं. बारीक नळीतली गळती तो बिडीचा धूर फुंकून शोधायचा. पण भाड्याने गाडी चालवणाऱ्या गुलाबच्या व्हॅनमध्ये बसलं की डोकं धरतं, ही तक्रार बिडीने सुटणारी नव्हती. म्हणून त्याने रंगाच्या रिकाम्या डब्याला दोन नळ्या जोडल्या, आत तेलात भिजलेली वात ठेवली, ती तापवायला जीपचा हीटर प्लग बॅटरीवर लावला. पायाच्या पंपाने हवा भरली आणि तो धूर सायलेन्सरमध्ये सोडला.

चटई उचलली तेव्हा गंजून पडलेलं भोक दिसलं. त्याच्या बरोबर खाली सायलेन्सरच्या पाइपाला ठिगळ होतं आणि ठिगळाची कड उकललेली होती. ते ठिगळ दिवाळीत मुखरूनेच मारलं होतं.

गुलाब खूश झाला. मुखरूने त्याला विचारलं, थंडीत या सीटवर कोणाला निजवून नेलं होतं का. गुलाबचं हसू गेलं. इसरूची बायको सुकरी. तापाने फणफणलेली. चंद्रपूरला पोहोचायच्या आतच ती गेली. डॉक्टरांनी तापाने गेली म्हणून सांगितलं, आणि इसरूने न्यायला उशीर केला असं गाव बोलत राहिलं.

"आता सांगून का होते?" गुलाब म्हणाला. "ती तं गेली."

मुखरूने ठिगळ काढून अख्खा पाइप नवा टाकला, भोकावर पत्रा बसवला. तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी तो सायकल काढून इसरूच्या गावाला गेला. जाताना त्याच्या मनात एवढंच होतं, की निदान त्या माणसाच्या डोक्यावरचा उशिराचा ठपका तरी उतरेल.

इसरू अंगणात मोहफुलं वाळत घालत होता. मुखरूने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. इंजिनाचा धूर आत शिरला की माणसाला कळतही नाही, झोप लागल्यासारखं होतं, हे समजावलं.

"वेल्डिंग माह्यं होतं, भाऊ," तो म्हणाला.

इसरूने शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तरी चाललं असतं. इसरूने फक्त विचारलं, "खिडकी उघडी असती तं?"

मुखरूला खोटं सुचलं नाही. ताप होताच, नक्की सांगता येत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

"पुढची, माह्याजवळची, जराशी उघडी होती," इसरू म्हणाला. "मागचीबी उघडी राहू दे, म्हणे गुलाब. मीच लावली. तिले थंडी वाजून राह्यली होती."

मुखरू पुन्हा म्हणाला, की चूक माझी, ठिगळ मी मारलं होतं. इसरूने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तो आत गेला, पाहुण्यासाठी पाण्याचा लोटा घेऊन आला, मुखरूच्या हातात दिला. मग उकिडवा बसला आणि मोहफुलं पसरू लागला. पसरून झालेली एका जागची फुलं तो गोळा करी आणि तिथेच पुन्हा पसरी.