मुरमापर्यंत पाया

पाया मुरमाला लागल्याशिवाय मी दगड ठेवत नाही. नाशकात इंदिरानगरात कितीतरी घरं बांधली, एकाला तडा दाखवा. याच घमेंडीनं माझा घात केला.

ब्याऐंशी साली हरसूलकडच्या एका पाड्यावरून झिपरू मला न्यायला आला. डोंगरावरचं जंगल तुटल्यापासून त्यांचा तलाव गाळानं भरत, आटत चालला होता. पाणी दरवर्षी काठापासून लांब जायचं आणि हंडे घेतलेल्या बाया गाळात रुतायच्या. त्याची आई भागीबाई तिथंच पडून अधू झाली होती. पाण्यापर्यंत पायऱ्या बांधून द्या म्हणाला. मी शाळेतली पाटी मागवली आणि नकाशा काढला. एकवीस पायऱ्या, म्हातारीलाही पेलतील अशा बुटक्या, मध्ये हंडा टेकवायला ओटा. काय सांगू, माझा मलाच लय आवडला.

पाण्यालगत खणताना काळी चिकण माती लागली. भागीबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, ही फोडू नको, हिच्यावरच पाणी थांबलंय. मी म्हटलं, आजी, चूल तुम्ही बघा, पाया मी बघतो. माती फोडली, खालचा मुरूम गाठला आणि मगच दगड बसवला.

पायऱ्या झाल्या, नारळ फुटला. मग पाणी रोज चार बोटं उतरायला लागलं. तलावाखालच्या कोरड्या नाल्यात मला ओल दिसली आणि पाणी कुठून जातंय ते कळलं. शेण, गोणपाट, चिकण माती, हाताला लागेल ते पायाच्या कडेनं कोंबलं. डोंबलाचा उपयोग झाला नाही.

चैत्रात पाणी शेवटच्या पायरीपासून लांब गेलं, मधल्या खळग्यात डबकं उरलं. सगळा पाडा कुदळी घेऊन जमला. आणखी पाच पायऱ्या खाली न्यायच्या, असं ठरलेलं. मी आडवा उभा राहिलो.

"अरे, पाणी उन्हानं नाही आटलं. मीच तळ फोडला. आता खणाल तर उरलंय तेही जाईल."

झिपरूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्तरी, तुमच्या पायऱ्या एक नंबर हायेत. कशाला जिवाला लावून घेता?"

मी भागीबाईकडे बघितलं. ती बोलायला लागली, तर सुनेनं तिला ऊन लागेल म्हणून हाताला धरून सावलीत नेलं.

कुदळ पडली. काळी, ओली माती वर आली. पाणी जवळच हाय म्हणत बाया हंडे घेऊन पुढे सरकल्या, आणि झिपरूनं कुदळीच्या पूजेतला गुळाचा पहिला खडा माझ्या हातावर ठेवला.