मी थोरलीचा की धाकटीचा?

“अहो, तो वायफायचा डबा धाकटीला सामील आहे, म्हणून थोरली आता वेगळं...” शेजारणीचं बोलणं इथवर आलं आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. पुढचं राहूनच गेलं.

तो डबा म्हणजे मी. हो, मीच बोलतोय! दोन जावांच्या खोल्यांमधल्या बोळात, चपलांच्या कपाटावर माझी बैठक. भिंतीपलीकडे माझी ये-जा, त्यामुळे या घरातलं मला कळत नाही असं काही नाही.

थोरली जाऊ फोनवरून शिवण शिकवते. पण तिचा चेहरा मध्येच गोठायचा, आवाज तुटायचा. “बाही कुठून कापायची म्हणालात?” विचारून विचारून बायका कंटाळल्या, दोघींनी तर वर्गच सोडला. धाकटीच्या खोलीत मात्र सिनेमे झकास चालायचे. मग काय, संशयाला आयतं निमित्त!

दुरुस्तीवाला आला. त्याने माझी ताकद वाढवली. धाकटीकडे आणखी जोर चढला, थोरलीकडे जैसे थे.

“बघा! मी म्हणत नव्हते?” थोरली म्हणाली.

“ताई, मी काय त्याला खाऊ घालते?” धाकटी फणकारली. “घ्या, त्याचं तोंडच तुमच्याकडे करते!” आणि तिने मला गर्रकन फिरवलं.

तोंड कसलं, नुसते दिवे ते! पण थोरलीच्या फोनवर चित्र लख्ख झालं आणि धाकटीचा सिनेमा अडकला.

“सापडलं!” दुरुस्तीवाला हसला. “याला दोन बाजूंना दोन अँटेना. त्यातली एक अधू आहे. ती जिकडे, तिकडे रड.”

त्याने मला उघडून सैल तार घट्ट बसवली. फरक पडला, पण थोडाच. नवी अँटेना मागवावी लागणार होती. “तोवर पहिल्यासारखा ठेवू?” त्याने विचारलं.

“नको, असाच राहू द्या,” धाकटी म्हणाली. “अधू बाजू माझ्याकडे. ताईंचा वर्ग असतो.”

थोरली म्हणाली, “सिनेमा बघायला इकडे येत जा. फक्त माझा वर्ग चालू असताना खिदळायचं नाही हं!”

तेव्हा शेजारीणबाई, सांगायचंच तर पुरतं सांगा. डबा एका बाजूला झुकायचा, हे खरं. धाकटीला सामील होता, हे साफ खोटं. आणि वेगळं होण्याचं म्हणाल, तर सध्या थोरलीच्या पलंगावर दोघी एकाच फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या असतात.