देवरावाशिवाय दुकान

आमचे हे, म्हणजे मनोहरराव, तसे लोण्याहून मऊ. पण दुकानाच्या खर्चाचा विषय निघाला की दगड. गांधीबागेत आमचं कापडाचं ठोक दुकान आहे. माल सगळा माळ्यावर, आणि माळ्यावर चढणारा एकटा देवराव. कापडाचं कोणतं थान, म्हणजे तागा, कुठल्या खणात आहे, ते बावीस वर्षं फक्त त्याच्या डोक्यात. "यादी कायले पाहिजे? देवराव आहे ना," असं हे गिऱ्हाइकांपुढे कौतुकानं सांगायचे.

शिडीची एक पायरी सुतळीनं बांधलेली होती. नवी शिडी आणा, जोडीला आणखी एक माणूस ठेवा, अशी माझी दरवर्षीची बडबड. "एवढी लगीनसराई होऊ दे" हे यांचं ठरलेलं उत्तर. यंदाच्या सराईत देवरावाला सलग एकवीस दिवस सुट्टी नव्हती, सकाळी नऊला आला की रात्री दहा वाजेपर्यंत वर-खाली. एकविसाव्या दिवशी खांद्यावर थान घेऊन उतरताना त्याचा डोळा लागला. शिडीवर, उभ्या उभ्या! पाय मोडला.

दवाखान्याचं बिल यांनी लगेच भरलं. मला वाटलं, निभावलं. कसचं काय! दुसऱ्या दिवसापासून दुकान आंधळं झालं. दोन नवे गडी आणले. एकानं शिडी पाहूनच रामराम ठोकला, दुसऱ्यानं अस्तराच्या जागी परकराचं कापड भंडाऱ्याच्या गिऱ्हाइकाला धाडलं, ते सगळं परत आलं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात वळली. मग आमच्या शहाण्यांनी काय करावं? नंदनवन वस्तीतल्या घरी प्लास्टर घालून पडलेल्या देवरावाला व्हिडिओ कॉल लावला. एका दिवसात तीस वेळा. शेवटी त्याच्या बायकोनं, कौसल्यानं, फोनच बंद करून टाकला.

मी यांना अक्षरशः दंडाला धरून नंदनवनला नेलं.

"शेठजी, यायचा पाय मोडला, आता डोकंही थकवून टाकता काय?" कौसल्यानं दारातच सुनावलं. "मी नाही पाठवत आता यायले दुकानात. माझ्या भावानं वॉचमनचं काम पाहून ठेवलं आहे. बसून काम."

यांचा चेहरा पार उतरला.

"अवं, चूप ना वं," देवराव खाटेवरून म्हणाला. "शेठजी, पॉपलीन भेटलं काय? डाव्या भिंतीले, चौथा खण."

"मी पॉपलीनसाठी नाही आलो गा," हे म्हणाले आणि खाटेजवळ जाऊन त्याची चादर नीट करू लागले. इतका राग होता माझ्या मनात, तरी यांना तसं पाहून वाईट वाटलं. पण म्हणून काही मी सोडलं नाही.

"शिडीचे पैसे वाचवले ना? सांगा आता, दहा दिवसांत काय काय गेलं."

"भंडाऱ्याचा माल," हे बोटांवर मोजू लागले, "तीन जुनी गिऱ्हाइकं..." आणि देवरावाच्या पायाकडे पाहून थांबले.

मग म्हणाले, "चार दिवस दुकान बंद ठेवतो, देवराव. माल सगळा खाली उतरवतो, लोखंडी जिना बसवतो. दोन माणसं ठेवतो. तू बरा झाला की खुर्चीत बसून सांगजो, ते लिहून घेतीन."

"अन् घरी किती वाजता धाडान?" कौसल्यानं विचारलं.

"सात वाजता. रविवारी सुट्टी."

"सराईत?"

हे माझ्याकडे पाहू लागले. देवरावानं तोंड भिंतीकडे वळवलं. बावीस वर्षांत सुट्टीचं त्यानं स्वतः कधी विचारलं नव्हतं. त्या माणसाला माझ्या नवऱ्याला अडचणीत आणायची लाज वाटत होती, आणि मला आमचीच लाज वाटली.

"सराईतही," हे म्हणाले.

"लिहून द्या."

मी पर्समध्ये कागद शोधेपर्यंत यांनी खिशातला मार्कर काढला, खाटेशी गुडघे टेकून बसले आणि देवरावाच्या प्लास्टरवर लिहिलं : सात वाजता घरी. सराईतही. खाली सही केली. देवरावानं डोळ्यांवर हात घेतला.

कौसल्यानं वाकून दोनदा वाचलं.

"प्लास्टर काढाले जाऊ ना," ती म्हणाली, "तवा हा तुकडा मी घरी आणीन."